कागदावरचा धर्म

मित्रांनो, जयभीम.

जयभीम म्हणणारा ख्रिश्चन पाहून तुमच्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. माझ्या चर्चमध्येही पडते. आमच्याकडे भेटल्यावर 'सलाम' म्हणायची रीत आहे. मी तिथं जयभीम म्हटलं की पुढच्या बाकावरची दोन डोकी मागं वळतात. मी दोन्ही म्हणतो. दोन्हीकडं थोडा थोडा परका आहे. त्या परकेपणातून हे लिहितो आहे.

प्रश्न एकच आहे. पोटासाठी कागदावर खोटा धर्म लिहावा का? आमच्या चर्चमध्ये यावर उघड चर्चा होत नाही. कुजबूज मात्र घराघरात आहे. आणि हा प्रश्न एकट्या ख्रिश्चनाचा नाही, तुमच्या बापाचाही होता. त्यावर पुढे येतोच.

माझ्या मामापासून सुरू करतो. मामा सरकारी नोकर होता. खात्याचं नाव सांगत नाही. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू-महार' होतं, त्यावर नोकरी लागली. घरात बायबल, भिंतीवर प्रभूचं चित्र, जेवणाआधी प्रार्थना. पण बदली होईल त्या गावच्या चर्चमध्ये तो कधी पाय ठेवायचा नाही. रविवारी सकाळची एस.टी. पकडून दुसऱ्या तालुक्यात उपासनेला जायचा. तिथं कोणी ओळखीचं दिसलं की शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसायचा. तीस वर्षं हे चाललं.

मामा मेला तेव्हा पोरं पाळकसाहेबांना म्हणाली, "साहेब, झगा घालून येऊ नका. अन् दिवस बुडाल्यावर या." मामीची पेन्शन होती. कोणी अर्ज केला तर काय, ही भीती. कंदिलाच्या उजेडात माती दिली. गाणं म्हटलं नाही. मामाच्या कबरीवर आजही क्रूस नाही. नुसता दगड आहे, त्यावर नाव आहे, धर्म नाही.

आता सांगा, मामा खोटारडा होता का?

पाळकसाहेब म्हणतात, खोटं ते खोटं. मी म्हणतो, थांबा. मामाच्या आधी खोटं कोण बोललं ते पाहू.

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. अनुसूचित जाती कोण, याची यादी. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले. १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे कायदा असं सांगतो की महाराच्या पोरानं बाप्तिस्मा घेतला की त्याच क्षणी त्याची जात गेली. गावात जाऊन विचारा, गेली का? पाटलाला विचारा. चहाच्या टपरीवर विचारा. आमच्या आळीचं नाव आजही तेच आहे. गावाला माहीत आहे, तलाठ्याला माहीत आहे, शिवी देणाऱ्याला तर पक्कं माहीत आहे. फक्त कागदाला माहीत नाही. ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा आहे, पण शिवी खाणारा ख्रिश्चन निघाला की तो कायदा त्याच्यासाठी नाही. शिवी मात्र तीच.

मद्रासकडे सोसाई नावाचा एक चांभार होता. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवायचा. सरकारनं चांभारांना टपऱ्या दिल्या, याला दिली नाही. का, तर हा ख्रिश्चन. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्टानं सांगितलं की धर्म बदलल्यानंतरही जातीचा जाच तितकाच उरतो हे पुराव्यानं दाखवा. आता रस्त्यावर बसून चामडं टोचणारा माणूस पुरावा कुठून आणणार? त्याच्या हातातली आरी हाच पुरावा होता. कोर्टाला तो पुरला नाही.

पुढं रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली अहवाल दिला की तो तिसरा परिच्छेद काढून टाका. काढला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात बालकृष्णन आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली आणि मग ती वाढवली. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टात पुदुच्चेरीतल्या एका बाईचा खटला संपला. ती चर्चला जाणारी, पण नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागत होती. कोर्ट म्हणालं, मनात खरी श्रद्धा नसताना नुसत्या आरक्षणासाठी धर्म सांगणं हा राज्यघटनेशी केलेला कपट आहे. बातमी वाचली तेव्हा मला मामाचा दगड आठवला.

म्हणून मी म्हणतो, पहिलं खोटं कायद्यानं केलं. जात आहे, तिला 'नाही' म्हटलं. मग माणसाला सांगितलं, भाकर हवी असेल तर तूही खोटं बोल. धर्म आहे, त्याला 'नाही' म्हण.

पण एवढ्यावर माझी सुटका होत नाही. दुसऱ्यानं आधी खोटं केलं म्हणून माझं खोटं खरं होतं का?

आमच्या बायबलात या प्रश्नाला दोन साक्षी आहेत. पेत्राची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. येशूला धरून नेलं. पेत्र अंगणात शेकोटीपाशी बसला. एका दासीनं ओळखलं, हाही त्याच्यातलाच. पेत्र म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. तीनदा म्हणाला. मग कोंबडा आरवला आणि हा बाहेर जाऊन रडला. आमचे पाळक फॉर्मचा विषय निघाला की हीच गोष्ट सांगतात.

दुसरी गोष्ट सांगत नाहीत. जुन्या करारात नामान नावाचा अरामी सेनापती आहे. कोड बरं झालं म्हणून तो इस्राएलाच्या देवाकडं वळला. पण अलीशा संदेष्ट्याला म्हणाला, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो, माझ्या हातावर टेकतो, मलाही तिथं वाकावं लागतं, एवढ्याची मला क्षमा असावी. अलीशानं त्याला झापलं नाही. शांतीनं जा, म्हणाला.

मग मामा पेत्र की नामान? मी यावर पुष्कळ दिवस विचार केला. माझ्या मते फरक वाकण्यात नाही. दोघंही वाकले. फरक असा की नामानानं आधी तोंड उघडून सांगितलं, मला असं करावं लागतं. त्याला ऐकून घेणारा एक माणूस होता. पेत्र एकटा होता. सोबतची मंडळी आधीच पळाली होती. मामाही एकटा होता. तो ज्या बाकावर मान घालून बसायचा त्या चर्चनं त्याला तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, की बाबा तुला लपावं का लागतं, आणि ज्या आदेशामुळं लपावं लागतं त्याविरुद्ध आपण काय करू. चर्चनं फक्त पापाची व्याख्या सांगितली. दर महिन्याचं अर्पण मात्र मोजून घेतलं.

इथंच बाबासाहेबांचा शब्द लागू पडतो. बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म न वाचता नाकारला नाही. १९३८ च्या १ जानेवारीला सोलापुरात ख्रिश्चनांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलची ओढ त्यांनी तिथं सांगितली, आणि दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातीही त्यांच्या तोंडावर काढल्या. पुढं 'कंडिशन ऑफ द कन्व्हर्ट' या लेखात त्यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा: मिशननं शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण अस्पृश्यातून आलेल्या माणसाला शिकवलं की तुझं दुःख तुझ्या पापातून आलं. समाजाच्या रचनेतून आलं हे शिकवलं नाही. म्हणून तो शिकला तरी भांडला नाही. मी चर्चमध्ये वाढलेला माणूस आहे. मला हे वाक्यावाक्याला खरं वाटतं.

आमच्याकडं आज काय चाललंय? मैदानात मंडप पडतो, लाउडस्पीकर लागतो, चंगाईची सभा होते. सोयाबीनला भाव नाही, पतसंस्थेचं कर्ज, पोरगं बेकार. स्टेजवरून सांगतात, विश्वास कमी आहे म्हणून आशीर्वाद अडला. दशांश दे. म्हणजे कर्जही तुझं आणि पापही तुझं. हा कर्मविपाकच झाला, फक्त भाषा बदलली. दुसरीकडं जुनी चर्चं. तिथं पंच कमिटीची भांडणं, मिशन कंपाऊंडच्या जागेची कोर्टबाजी. जाहिरातीत 'जातिबंधन नाही' लिहितात आणि सोयरीक जुळवताना हळूच विचारतात, "मूळचे कोण?" महार ख्रिश्चनाची पोरगी मांग ख्रिश्चनाच्या घरी द्यायची म्हटलं की सगळी वचनं गळ्यात अडकतात. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे लोक एका मांडवात येत नाहीत.

हे फक्त वऱ्हाडातलं आहे असं समजू नका. २००८ साली तमिळनाडूत एरैयूर गावी दलित कॅथलिकांनी आपली वेगळी पॅरिश मागितली. ख्रिश्चना-ख्रिश्चनांत मारामारी झाली, पोलिसांनी गोळी चालवली, दोन माणसं गेली. कॅथलिक बिशपांनीच २०१६ साली धोरण काढून मान्य केलं की चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ते पाप आहे. कबुली चांगली गोष्ट आहे. पण कबुलीनंतर काय, हे आम्ही विचारलं पाहिजे.

आणि आमचा इतिहास पाहा. मराठी ख्रिस्ती म्हटलं की पुस्तकात कोण येतं? बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई. मोठी माणसं, नाकारत नाही. टिळकांनी तर शेवटी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ साली साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण गोऱ्या धर्मगुरूंपुढं मान तुकवली नाही. पण मंडळी भरली कोणी? महारांनी, मांगांनी. बुलढाण्याला लागून जालना आहे. तिथं नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. शेषाद्री ब्राह्मण होते म्हणून नाव उरलं. त्या वस्तीत राहायला आलेल्या मांगा-महारांची नावं कोणाला पाठ आहेत? स्त्रियांच्या बाजूनं १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणारी ताराबाई शिंदे याच बुलढाण्याची. तिलाही वर्षानुवर्षं कोणी आठवत नव्हतं. आपल्या मातीत विसरण्याची सवय जुनी आहे.

माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या दारात आली. वऱ्हाडात तेव्हा अलायन्स मिशनचं काम होतं. अकोल्याला पोरांचा अनाथाश्रम, खामगावला पोरींचा. आईबाप वाटेत मेलेले. सात वर्षांची पोर. गावाच्या विहिरीला शिवायची तिला बंदी होती, दुष्काळात विहीर आटली तरी बंदी आटली नाही. मिशनमध्ये तिला कण्या मिळाल्या, पाटी मिळाली. ती बाप्तिस्मा घेऊन वाचायला शिकली. तिला लोक म्हणायचे, पोटासाठी बाटली. मी विचारतो, पोटासाठी जगणं हे पाप कधीपासून झालं? आणि ज्यांनी हे म्हटलं त्यांनी त्या पोरीला भाकरीचा एक तुकडा दिला होता का? पोटासाठी आली, खरं आहे. पण राहिली ती पोटासाठी नाही. सत्तरीत डोळे गेले तेव्हाही स्तोत्रं तोंडपाठ म्हणायची. ती तिची होती. कोणी दिलेली भीक नव्हती.

आता तुमच्याकडं येतो. माझा एक दोस्त आहे, बालपणापासूनचा, तुमच्यातला कार्यकर्ता. भीमजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही एका खांद्यानं झेंडा धरला आहे. तो मला म्हणतो, "गड्या, बाबासाहेबानं वाट दाखवली ते सोडून तू कायले तिथं बसला? अन् आता आमच्या वाट्यातलं बी मांगतं?"

दोन प्रश्न आहेत, दोन्हींना उत्तर देतो.

दुसरा आधी. वाट्याचा प्रश्न खोटा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ टक्के. त्यात नवी माणसं घातली आणि टक्का तोच ठेवला तर तुमच्या पोराच्या ताटातून माझ्या पोराच्या ताटात पडेल. असं मला नको. लोक वाढले तर टक्का वाढला पाहिजे, ही मागणी दोघांनी मिळून करायची आहे. पण टक्क्याचं भांडण दाखवून तुम्ही जर म्हणणार असाल की तिसरा परिच्छेद राहू द्या, तर एक आठवा. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली. सवलती जातील हा प्रश्न तेव्हाही निघाला होता. लोकांनी तरी दीक्षा घेतली. महाराष्ट्र सरकारनं पुढं राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत बौद्धाला १९९० पर्यंत जागा नव्हती. ३४ वर्षं. त्या ३४ वर्षांत किती घरांत बुद्धाची मूर्ती होती आणि फॉर्मवर 'हिंदू-महार' होतं? आपल्या बापाला विचारा. तेव्हा हाच तिसरा परिच्छेद तुमच्या मानेवर होता. १९९० ला तुमची मान सुटली, माझी राहिली. सुरी तीच आहे.

आता पहिला प्रश्न. बाबासाहेबांची वाट मी का घेतली नाही? मी बुद्धाला मानतो. बावीस प्रतिज्ञांतल्या बहुतेक मी जगतोच. पण येशू मला मिशननं नाही, पणजीनं दिला. जो सुतार होता, ज्याला गावाच्या वेशीबाहेर मारलं, ज्याच्या बाजूला दोन चोर होते, त्याला मी गावकुसाबाहेरचा माणूस म्हणून ओळखतो. मराठी मुलखातल्याच अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या धर्मविद्यालयात भाषण करून हा विचार मांडला की आमचं ईश्वरज्ञान शूद्राच्या, दलिताच्या जागेवरून सुरू झालं पाहिजे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनीही तेच केलं. ज्या बायबलातून मालक गुलामीला आधार काढत होते, त्याच बायबलातून त्यांनी सुटका काढली. पँथर हे नाव आपण त्यांच्याकडूनच १९७२ साली घेतलं ना? मग त्यांच्या चर्चनं काय केलं तेही पाहा. चर्च हे झोपेचं औषध होऊ शकतं आणि मोर्चाची जागाही होऊ शकतं. आमच्याकडं बहुधा पहिलं झालं. त्यासाठी मी चर्च सोडत नाही, चर्चमध्येच भांडतो.

माझी श्रद्धा तुम्हाला पटली पाहिजे असं नाही. मी लढ्यात तुमच्या बाजूला उभा आहे का, एवढं तपासा.

आता माझ्या घरात घडलेलं सांगून संपवतो. पोरगी बारावी झाली. नर्सिंगला जायचं. जातीचा दाखला काढायला सेतू केंद्रात गेलो. कॉम्प्युटरवरच्या पोरानं विचारलं, "काका, धर्म काय लिहू?" मागं रांग. माझ्या शाळेच्या दाखल्यावरही मामासारखंच 'हिंदू-महार' आहे. माझ्या बापानं हेडमास्तरला अडवलं नव्हतं. मी म्हणालो, "हिंदू लिही." पोरगी बाजूला उभी होती. स्टँडवर येईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मंग आपन रविवारी कायले जातो?"

मला उत्तर आलं नाही. ती मामाच्या मातीला होती. कंदील तिनंच धरला होता.

तिसऱ्या दिवशी जाऊन अर्ज मागं घेतला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीच्या यादीत धरतात. तो दाखला काढायचा ठरवलं. १९६७ च्या आधीचा पुरावा, नॉन-क्रिमीलेयर, बाप्तिस्म्याची नोंद. पाळकसाहेबांकडं रजिस्टर मागायला गेलो. ते चाचरले. म्हणाले, "तुम्ही असं उघड केलं तर बाकीच्यांच्या दाखल्यांवर बोट येईल." त्यांचंही खरं होतं. मी म्हणालो, "साहेब, मी कोणाचं नाव घेत नाही. माझं आणि माझ्या पोरीचं पान द्या." दिलं.

पहिल्या यादीत पोरीचं नाव लागलं नाही. दुसऱ्या यादीत लांबच्या कॉलेजात लागलं. तीन एकराचं सोयाबीन विकलं, पतसंस्थेचं कर्ज काढलं, हॉस्टेलचे पैसे भरले. ज्याच्याकडं तीन एकरही नाहीत त्यानं काय करावं? त्याला मी 'खरं लिही' असं सांगू शकत नाही. माझी जीभ रेटत नाही. खरं बोलायलाही तीन एकर लागतात, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून मामाला मी खोटारडा म्हणणार नाही. कोणी म्हणालं तर त्याच्याशी भांडेन. पण मामासारखं मरायला मी तयार नाही.

गेल्या १० ऑगस्टला आमच्या मंडळीतल्या सहा जणांनी काळी फीत लावली. देशभर दलित ख्रिस्ती तो दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. आमच्या गावात पहिल्यांदाच. पंच कमिटीनं हॉल दिला नाही. आम्ही बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलो. माझ्या त्या दोस्तानं सतरंजी आणली आणि स्वतःही एका कोपऱ्यावर बसला. वाट्याचं भांडण त्यानं तिथंही काढलं. आम्ही रात्री अकरापर्यंत भांडलो. मिटलं नाही. पुढच्या १० ऑगस्टला पुन्हा बसायचं ठरलं आहे. यावेळी चर्चचा हॉल पुन्हा मागणार आहोत. दिला तर ठीक, नाही तर ओटा आहेच.

तुम्हीही या. सतरंजी मोठी आहे.

सलाम आणि जयभीम.